व्हँकुव्हरपुढे जाण्यास मनाई

बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सुनेत्राबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी जाईने दूरध्वनीवरून आपणास जी हकीकत सांगितली, ती मी शेजारच्या खोलीतून ऐकली. कान देऊन ऐकली नाही. या फ्लॅटच्या भिंती तशा आहेत. "बाबांना बोटवाल्यांनी वयामुळे नाकारलं, बिचारे रडकुंडीला आलेत" असे तिचे शब्द होते. या एका वाक्यात तीन चुका आहेत. ती बोट नसून बारा मजली जहाज आहे. नाकारण्याचे कारण माझे त्र्याहत्तर वर्षांचे वय नसून अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. आणि त्या वेळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होतो.

आपली कन्या चुकीचे सांगते म्हणून मला दुःख नाही; आपण ते खरे मानाल याचे आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

माझा वरुण आणि आपली जाई यांच्या फ्लॅटमध्ये वडीलधाऱ्यांसाठी खोली एकच. म्हणून नोव्हेंबर ते मे मी आणि मे ते नोव्हेंबर आपण, हा तीन वर्षांचा परिपाठ आहे. आपली नात गार्गी हिच्याजवळ घरात एक आजी किंवा आजोबा असावेत, आणि दोघे एकदम नसावेत, असा त्या उभयतांचा नियम. येथील मराठी ज्येष्ठांची अलास्का-सहल निघाली, तेव्हा त्यांनी तोच नियम समुद्रावरही लावला. पहिल्या तुकडीत मी: सॅन फ्रान्सिस्को ते व्हँकुव्हर, १० ते १४ मे. दुसऱ्या तुकडीत आपण: व्हँकुव्हर ते अलास्कातील व्हिटियर, १४ ते २१ मे. जहाज एकच. मी सकाळी उतरायचे, आपण दुपारी चढायचे. मी १६ला गार्गीजवळ परत; तोवरचे दिवस जाई घरून काम करून निभावणार.

मी जुरोंग ईस्टला जाऊन अभय या एजंटाकडून दुसऱ्या टप्प्याचेही तिकीट काढले. मुलांस सांगितले नव्हते. हेतू केवळ हिमनद्या पाहण्याचा होता.

आता कायदा. परदेशात नोंदलेल्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन त्याला अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवायचे नाही. वाटेत एखादे दूरचे परदेशी बंदर लागले असेल तरच मुभा. व्हँकुव्हर परदेशी आहे, पण कायद्याच्या दृष्टीने 'दूरचे' नाही. माझा पहिला टप्पा कॅनडात संपतो, म्हणून निर्दोष. आपला टप्पा कॅनडात सुरू होतो, म्हणून निर्दोष. परंतु एकच मनुष्य त्याच जहाजावर दोन्ही टप्पे लागोपाठ करील, तर कायदा त्यास एकच प्रवास मानतो: सॅन फ्रान्सिस्को ते व्हिटियर. तो निषिद्ध.

मग अभयने तिकीट दिले कसे? दुसऱ्या तिकिटावर त्याने माझ्या वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात घातले होते. कंपनीच्या संगणकाच्या मते सहस्रबुद्धे नावाचे एक गृहस्थ व्हँकुव्हरला उतरत होते आणि गोविंद नावाचे दुसरेच कोणी चढत होते. छत्तीस वर्षे शासकीय मुद्रणालयात मुद्रितशोधन केलेल्या माणसाला हे पाहवले नाही. मी कंपनीस दोन पानांचे पत्र पाठवून नाव दुरुस्त करून घेतले. तिसऱ्या दिवशी तिकीट रद्द झाले. संपर्कासाठी जाईचा ई-मेल दिला होता, ही तेवढी माझी चूक.

कळावे.

आपला,
पद्माकर गोविंद सहस्रबुद्धे


सातारा
२४ फेब्रुवारी २०२५

व्याहीबुवा,
नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "बाई, हल्ली हाताने लिहिलेलं पाकीट फक्त तुम्हालाच येतं." मी म्हटलं, फोनवर लिहिलेलं माझी लेक वाचते, तिनं माझा फोन तिच्या संगणकाला जोडून ठेवलाय.

एकतीस वर्षं मी सातारा स्टँडवर एसटीच्या आरक्षण खिडकीत बसले. तुमचा तो १८८६चा कायदा मला एका घोटात समजला. परक्या गाडीनं आपल्या हद्दीत माणूस चढवून आपल्याच हद्दीत उतरवला, की आपल्या गाडीचा प्रवासी पळवला. मग हुशार लोक काय करायचे? दोन तिकिटं काढायचे, मधल्या नाक्यावर दोन मिनिटं खाली उतरायचे, बिडी ओढायचे आणि त्याच सीटवर येऊन बसायचे. आम्ही म्हणायचो, तिकिटं दोन असू देत, बूड एकच आहे. अमेरिकन लोकांनाही तेच कळलंय, इतकंच.

आणि अभयबद्दल. पद्माकरराव, खिडकीत बसलेला माणूस असं चुकत नसतो हो! एका तिकिटावर नाव बरोबर, दुसऱ्यावरच नेमकं उलटं? त्यानं तुमच्यासाठी कुंपणाला भोक पाडून ठेवलं होतं, आणि तुम्ही गवंडी लावून ते बुजवलंत. वर दोन पानांचं पत्र. हसून हसून माझा चहा सांडला. अर्थात सापडला असतात तर दंडाची पावती तुमच्याच हातात आली असती, हेही खरं.

आता मुद्द्याचं. हिमनद्या म्हणे. गेल्या वर्षी चांगी विमानतळावर गार्गीनं आइस्क्रीम पुढे केलं, तर तुम्ही म्हणालात, "थंड पदार्थ मला मानवत नाहीत." तुम्हाला हिमनदीचं काय?

ते तिकीट मी त्या जहाजावर असणार म्हणून काढलं होतं का? हो किंवा नाही. दोन पानं नकोत.

आणि हो असेल, तर पहिला टप्पा सोडा आणि सरळ दुसऱ्यात या. कायदा आड येत नाही.

तुमची विहीण,
सुनेत्रा


बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, दि. ९ मार्च २०२५

श्रीमती सुनेत्राबाई,
सप्रेम नमस्कार.

हो.

आपण दोन पाने नकोत म्हणालात. परंतु पुढील मजकूर त्या प्रश्नाच्या उत्तराचा भाग नसल्याने चालेल असे धरतो.

मी अभयकडे गेलो होतो. तो जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये जेवत होता. मला पाहताच त्याने चमचा खाली ठेवला. "अंकल," तो म्हणाला, "त्या कंपनीला पत्र लिहायच्या आधी मला एक फोन करायचात ना हो!" आपला तर्क खरा होता. मी त्यास सांगितले की अशी वाट काढणे गैर आहे; मात्र त्यामागच्या सद्भावनेबद्दल आभारी आहे. दुसऱ्या टप्प्यात आता जागा नाही. माझी रद्द झालेली जागा आंग मो किओच्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंना गेली आणि त्यांच्यामागे अकरा जण प्रतीक्षेत आहेत.

तथापि मी तो कायदा मुळातून वाचला. निर्बंध एकाच जहाजापुरता आहे. व्हँकुव्हरहून १५ मे रोजी दुसऱ्या कंपनीचे जहाज त्याच मार्गाने निघते. मी त्यात चढलो तर कोणाचीही हरकत असू शकत नाही. दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिली. वाटेतल्या केचिकान बंदरात आपली जहाजे चुकतात. जूनो येथे आपले जहाज निघण्यापूर्वी माझे लागते: चार तास दहा मिनिटे. स्कॅगवे येथे पाच तास तीस मिनिटे. एकूण नऊ तास चाळीस मिनिटे आपण एका धक्क्यावर असू.

गेल्या तीन वर्षांत चांगी विमानतळावर आपली सहा हस्तांतरे झाली. मी निघताना आपण येता, आपण निघताना मी येतो, आणि मधल्या वेळात वरुण आपल्याला कॉफी पाजतो. त्या सर्व भेटींची बेरीज साडेसात तास होते. मुलांच्या विवाहाचा दिवस मी धरलेला नाही. त्या दिवशी आपले यजमान व माझी पत्नी हयात होते आणि आपण माझ्याशी केवळ जिलबीच्या पाकाविषयी बोललात.

नऊ तास चाळीस मिनिटे मिळवल्यास हा आकडा दुपटीहून अधिक होतो. आपले मत कळवावे.

आपला,
पद्माकर


सातारा
२५ मार्च २०२५

पद्माकरराव,

'हो' एवढंच लिहून थांबला असतात तर मी ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं असतं. पुढच्या वेळापत्रकामुळे कपाटात ठेवलंय.

माणूस एका जहाजात आणि मी दुसऱ्या, आणि धक्क्यावर घड्याळ लावून भेटायचं? मी काय तुमची सातारा-पुणे विनाथांबा आहे, की स्वारगेटला पाच मिनिटं टेकले? चांगीवर तरी बसायला खुर्ची असते. जूनोला पाऊस असतो म्हणे. पासष्टीच्या बाईला छत्री घेऊन धक्क्यावर उभी करणार, आणि वर बेरीज मांडणार.

मी एकतीस वर्षं लोकांना जागा दिल्या. त्यातून एक शिकले. गाडीत दोघांना शेजारी जागा मिळत नसेल, तर शहाणी माणसं भांडत नाहीत. ती गाडी सोडतात.

नीट वाचा, कारण पुन्हा लिहिणार नाही. १४ तारखेला सकाळी तुम्हाला उतरावंच लागणार. कायदाच आहे. दुपारी मला चढायचं आहे. पण चढलंच पाहिजे असा काही कायदा आहे का? तुम्ही मुळातून वाचलाय, तुम्हीच सांगा.

कॅनडाचा व्हिसा आपल्या दोघांकडेही आहे. जहाज २१ला व्हिटियरला लागेल. तोवर मी जहाजावर आहे असं जाई समजेल. मी तिला सांगेन की सात दिवस समुद्रात नेट नाही. मला खोटं बोलता येतं. चांगलं येतं. तुम्हाला येत नाही, ही माझी काळजी आहे. तुम्हाला १६ला गार्गीकडे परत पोचायचंय. त्याचं काय सांगाल?

नको असेल तर 'नाही' लिहा. मी जहाजात चढेन, हिमनद्या बघेन आणि तुम्हाला पिक्चर पोस्टकार्ड टाकेन. रागावणार नाही. थोडी रागावेन.

सुनेत्रा


बुकित बातोक, सिंगापूर
शनिवार, दि. १२ एप्रिल २०२५

सुनेत्राबाई,

आपले पत्र मी तीनदा वाचले आणि मग बुकित बातोकच्या बागेला दोन फेऱ्या मारल्या. योजना अनुचित आहे. माझे आक्षेप असे.

पहिला, कायद्याचा. हा टिकत नाही. दुपारी चढण्याची सक्ती कोणत्याही कलमात आढळली नाही.

दुसरा, लोक काय म्हणतील याचा. व्याही आणि विहीण परगावी आठवडाभर एकत्र राहिले, हे पुण्यात ऐकवत नाही आणि साताऱ्यात तर त्याहून नाही. म्हणून दोन स्वतंत्र खोल्या. अभयच्या ओळखीच्या एक पंजाबी बाई व्हँकुव्हरला घरातल्या खोल्या भाड्याने देतात. मधे स्वयंपाकघर आहे. मी आगाऊ कळवले आहे. यावरून निष्कर्ष काढू नये. हा केवळ चौकशीचा भाग होता.

तिसरा, गार्गीचा. येथे मी खरोखर अडलो होतो. त्या मुलीला आपल्या सुखासाठी एकटे टाकायचे नाही. म्हणून मी तिलाच आडून विचारले, "तुझे आईबाबा आठवडाभर घरीच राहिले तर?" ती गृहपाठातून मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अ‍ॅज इफ लाह, आजोबा. पप्पा नेव्हर टेक लीव्ह वन." मी त्या रात्री वरुणला त्याच्या रजेविषयी सहज विचारले. त्याच्या खात्यावर एकवीस दिवस शिल्लक आहेत. गेल्या वर्षी चौदा दिवस वाया गेले, हे त्याने मला अभिमानाने सांगितले. सुनेत्राबाई, तीन वर्षे आपण दोघे आळीपाळीने त्या खोलीत असतो, म्हणूनच त्या मुलीचा बाप घरी राहत नाही. आपल्या सोयीसाठी आपण तिची गैरसोय करतो आहोत असे मला वाटत होते. वस्तुस्थिती उलट निघाली.

चौथा, असत्याचा. मी खोटे बोलणार नाही. परंतु प्रत्येक सत्य संपूर्णच सांगितले पाहिजे, असे कोणत्या शास्त्रात आहे? मी निरोपाचा मसुदा केला आहे. त्यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. आपणास दाखवीत नाही, आपण हसाल.

सर्व आक्षेप निकालात निघाल्याने मी या महिन्यात परतीचे विमान बदलून घेत आहे.

व्हँकुव्हरला मे महिन्यात गारवा असतो. शाल आणावी.

आपला,
पद्माकर

ता. क. खिडकीची खोली आपणास हवी की मला चालेल?


बुकित बातोक
३ जून २०२५

पद्माकर,

'राव' गाळलंय. व्हँकुव्हरला पाचव्या दिवशीच गळालं होतं, कागदावर आज.

इथली खबर देते. तुम्ही पुण्यात बसून कल्पना करत असाल, पण खरं त्याहून भारी आहे.

तुमचा तो निरोप मी अखेर वरुणच्या फोनवर वाचला. "मी व्हँकुव्हर येथे उतरलो आहे. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यान्वये मला या जहाजाने पुढे जाता येत नाही. २१ तारखेपर्यंत येथेच राहीन. प्रकृती उत्तम. काळजी नसावी." अहो! 'कायद्यान्वये' वाचल्यावर कोणाची प्रकृती उत्तम राहील? जाईला वाटलं, तुम्हाला पकडलं. वरुणनं दूतावासाला फोन लावला. तिथल्या बाईनं विचारलं, "त्यांनी काही गुन्हा केलाय का?" तुमचा मुलगा म्हणाला, "गुन्हा नाही, पण ते लोकांच्या चुका काढतात." त्या बाईनं म्हणे ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

मग तुम्ही फोन करून सांगितलंत की मी कोठडीत नसून एका घरी आहे, आणि समोर जेवण आहे. तेही खरंच होतं. जेवण मी वाढत होते. वरुण म्हणाला, "बाबांचा आवाज इतका आनंदी कधी ऐकला नाही. धक्का बसलाय त्यांना." आणि त्यानं रजा टाकली. पूर्ण आठवडा.

गार्गीनं मला सगळं सांगितलं. पप्पानं तीन दिवस डोसे करपवले. चौथ्या दिवशी एक गोल आला, त्याचा फोटो काढला. दोघं संध्याकाळी तळ्यावर कासवं बघायला गेले. जाई दोन दिवस घरून काम करत होती, तीही गेली. परवा ही पोर मला विचारते, "आजी, आजोबा व्हेन गो व्हँकुव्हर अगेन?"

२४ तारखेला चांगीवर आपण दोघांनी एकमेकांना जो नमस्कार केला, तो आठवला की मला अजून हसू फुटतं. "प्रवास ठीक झाला?" म्हणे! आदल्या आठवड्यात रोज सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन "साखर अर्धा चमचा जास्त आहे" म्हणणारा माणूस!

माझी मात्र रोज परीक्षा चाललीय. जाई हिमनद्यांचे फोटो मागते. मी सांगितलं, धुकं होतं. म्हणाली, "सातही दिवस?" मी म्हटलं, अलास्का आहे ते, महाबळेश्वर नाही. पण काल गार्गी माझ्या फोनमध्ये खेळत होती आणि तिला तो समुद्राकाठचा फोटो सापडला, माझ्या खांद्यावर तुमचा मफलर असलेला. वर तारीख, जागा, सगळं छापलेलं. पोरीनं फोटो बघितला, मला बघितलं. म्हणाली, "आजी, धिस वन नॉट अलास्का लाह." मी म्हटलं, "आईला सांगणार?" ती म्हणाली, "मी नाही सांगणार. यू टेल." आणि फोन माझ्या हातात देऊन शाळेची बॅग भरायला गेली.

नऊ वर्षांच्या पोरीपुढे मला मान खाली घालावी लागली, पद्माकर. मला खोटं चांगलं येतं असं मी लिहिलं होतं. येतं. पण तिच्यासमोर नाही आलं.

तेव्हा तुमचा प्रश्न. २० तारखेला त्या बाकावर, जहाजं जाताना बघत, तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, लेखी देते. तुम्ही "पोच मिळेल ना?" असं विचारलंत, तेवढ्यात माझं उत्तर ठरलं होतं. पण तेव्हा दिलं असतं तर तुम्ही बेरीज मांडत बसला असतात.

उत्तर हो.

अट एकच. मुलांना सांगायचं. तुम्ही सांगायचं, मी नाही, कारण माझ्यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि ते तुमचं अर्ध्या सत्याचं मुद्रणालय बंद. एकही वाक्य असं नको, जे खरं असून फसवेल. ते जमलं नाही, तर माझा होकार त्या दुसऱ्या तिकिटासारखा रद्द समजा.

तुमची,
सुनेत्रा


पुणे
शुक्रवार, दि. २७ जून २०२५

चि. वरुण आणि चि. जाई यांस,
अनेक आशीर्वाद.

वरुण, तू कुटुंबाच्या ग्रुपवर जी हकीकत लिहिलीस आणि जिला एकोणतीस नातेवाइकांनी हात जोडले, ती मी वाचली. तीत म्हटले आहे की तुझ्या वडिलांना एका जुन्या अमेरिकन कायद्याने व्हँकुव्हरला आठवडाभर अडकवून ठेवले. कायद्याने मला अडकवले नाही. कायद्याने मला केवळ त्या जहाजातून उतरवले. मी तेथे राहिलो ते स्वतःच्या इच्छेने. माझ्या निरोपातील प्रत्येक वाक्य खरे होते, आणि तो निरोप तुम्हाला फसवण्यासाठीच रचला होता. ही दोन्ही विधाने एकदम खरी असू शकतात, हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी प्रथमच कळले आणि त्याबद्दल मला लाज वाटते. तुला दूतावासाला फोन करावा लागला, त्या सगळ्याची क्षमा मागतो. मी लोकांच्या चुका काढतो, हे तू तेथे सांगितलेस ते योग्यच होते. आता स्वतःची काढतो.

जाई, तुझी आई अलास्काला गेली नाही. तेथे धुके होते की नव्हते, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. ती व्हँकुव्हरला होती. मी होतो त्याच घरात, स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत. कल्पना तिची होती, हे सांगू नये असे मला वाटत होते. परंतु तिची अट आहे की काहीही गाळायचे नाही. म्हणून सांगतो: कल्पना तिची आणि तयारी माझी.

त्या आठवड्यात आम्ही काय केले, तेही लिहितो, म्हणजे तुम्हाला कल्पना करावी लागणार नाही. सकाळी चहा. मग बाजार. दुपारी तिने मला पत्त्यांत हरवले, रोज. संध्याकाळी समुद्राकाठी बसून आम्ही निघणाऱ्या जहाजांवरची नावे वाचत असू. ती माणसांविषयी बोलते. मी ऐकतो. मला वाटत होते की मला बोलायला आवडते, तसे नव्हते.

तुमचा नियम होता की आम्हा दोघांपैकी एकच जण एका वेळी घरात असावा. तो तुम्ही आमच्या सोयीसाठी केलात, आणि आम्ही तो तीन वर्षे मानला. यापुढे मानणार नाही. आम्ही विवाह करीत आहोत. त्यानंतर तुमच्याकडे येऊ ते दोघे येऊ, त्याच एका खोलीत. आणि तुम्हाला नको असेल तर साताऱ्याला राहू. गार्गीसाठी कोणी हवे असेल, तेव्हा बोलवा. मात्र वरुण, गार्गीने त्या गोल डोशाचा फोटो मला पाठवला आहे. तो मी खिशात ठेवतो. तुझी शिल्लक रजा तू वाया घालवू नयेस, असा माझा आदेश नाही, विनंती आहे.

नात्याचा गुंता होईल हे मान्य आहे. जाई, तुझी आई तुझी सासू होईल. वरुण, तुझ्या सासूला तू आई म्हणतोसच. तेवढे एक संबोधन तरी बदलावे लागणार नाही. जाई, साताऱ्याच्या तुझ्या मावशीबाई काय म्हणतील, याची मला भीती वाटत होती. तुझ्या आईने त्यांना काल फोन करून सांगितले. त्या म्हणाल्या, "तरीच तिला दर महिन्याला पत्र यायचं."

तुम्ही रागावाल. रागावण्याचा तुम्हाला अधिकार आहे. राग शांत झाल्यावर कळवावे, आणि नाही झाला तरी कळवावे. मी वाट पाहत आहे. खरोखर पाहत आहे. इतकी की हे पत्र कुरियरला देण्यापूर्वीच काल पोस्टमनला दोनदा हटकले, आणि तुम्ही पत्र लिहीत नाही हे मला ठाऊक आहे.

ग्रुपवरील हकीकतीतील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त करून वाचाव्यात.

२२ एप्रिल. हकीकतीत ही तारीख नाही. याच दिवशी मी परतीचे विमान बदलून घेतले. "बाबांचे १६ मेला पोचणारे विमान हुकले" हे वाक्य काढून टाकावे. ते विमान माझे उरलेच नव्हते.

१४ मे. "बाबांना जहाजावरून उतरवले आणि आई त्याच जहाजाने पुढे गेली." पूर्वार्ध बरोबर. उत्तरार्धाऐवजी: दुपारी तीनला चढण्याची वेळ संपली, तेव्हा आई धक्क्याबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चार वाजता जहाज निघाले. ती बसूनच होती.

१४ ते २१ मे. 'अलास्का' हा शब्द सर्वत्र खोडावा.

२० मे. ही तारीखही हकीकतीत नाही. संध्याकाळी मी तिला विचारले.

२४ मे. "दोघे चांगीला भेटले, तेव्हा आईने बाबांना ओळखलेच नाही, इतके ते खंगले होते." खंगलो नव्हतो. दीड किलो वजन वाढले होते. आम्ही दोघे हसू दाबत होतो.

३ जून. तिचा लेखी होकार.

७ जुलै, सोमवार. पुण्यातील विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस देणे. त्यासाठी आई ५ तारखेला तुमच्याकडून निघेल. नोटिशीनंतर तीस दिवस हरकती घेता येतात. तुमची असल्यास याच मुदतीत घ्यावी.

११ ऑगस्ट, सोमवार, सकाळी अकरा. विवाह. तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक मुद्रणालयातले माझे जुने सहकारी, दुसऱ्या तिच्या एसटीतल्या मैत्रीण सुलेखाबाई. तिसरी रेघ कोरी ठेवली आहे. तेथे वरुणने सही करावी की जाईने, हे तुम्ही ठरवावे. मात्र दोघांनीही यावे, आणि गार्गीला आणावे.